दोन ताजांचा हिशोब

३ डिसेंबर, मंगळवार. मलकापूर

चौतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली आणि रोज वेबिल लिहिलं. किती चढले, किती उतरले, कोणत्या टप्प्याला किती तिकिटं फाडली. घरातलं मात्र कधी एक अक्षर लिहिलं नाही. आज लिहितो, कारण मनातलं हिला सांगितलं तर ही उलट मलाच धीर देईल. लिहायचं तर शुद्ध लिहायचं, वेबिलाची सवय.

हिला, अन्नपूर्णाला घेऊन डोळ्याच्या दवाखान्यात गेलो होतो. काचबिंदू. उजवा डोळा गेलाच, तो काही परत येत नाही म्हणाल्या डॉक्टरीण बाई. डाव्यात थोडी नजर आहे, थेंब टाकत राहा, पण भरवसा नाही. मी विचारलं, किती दिवस? बाई वयानं लहान, पण खोटं बोलल्या नाहीत. "आजोबा, आजींना काही दाखवायचं राहिलं असेल तर दोन-तीन महिन्यांत दाखवून घ्या."

बाहेर बाकड्यावर बसून अन्नपूर्णा पदर सारखा करत म्हणाली, "मंग ताजमहाल राह्यलाच की हो."

तेरा वर्षांपूर्वी रिटायर झालो तेव्हा मीच मोठ्या तोंडानं बोललो होतो, तुला आग्र्याला नेतो म्हणून. फंडाचे पैसे आले ते पोरीच्या, अर्पिताच्या लग्नात गेले. ही त्यावर एका शब्दानं बोलली नाही कधी. आज बोलली.

५ डिसेंबर, गुरुवार

आग्रा काही जमत नाही. चारदा हिशोब करून पाहिला. पेन्शन बत्तीसशे, त्यात थेंबाची बाटली सहाशेची. अर्पिताला मागावं तर तिच्या नवऱ्याची नोकरी आत्ताच सुटली आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे, पण आमचं अंथरूण आग्र्यापर्यंत जातच नाही, भुसावळलाच संपतं.

शेजारची मुबीना ब्लाऊज शिवते, तीच हिच्या डोळ्यांत थेंब टाकायला येते. माझे हात थरथरतात. ती म्हणाली, "चाचा, आग्रा काऊन पाह्यजे? औरंगाबादले बीबीचा मकबरा हाय, हुबेहूब ताजावानी. अन् बऱ्हाणपूरले काला ताजमहाल हाय, माह्या मामूच्या घराजोळ. दोन्ही गरिबाचेच ताज हायेत."

वा! हे माझ्या डोक्यात काऊन नाही आलं? औरंगाबादची म्हणजे आताच्या संभाजीनगरची गाडी मी सात वर्षं केली, पण स्टँडच्या बाहेर पाऊल टाकलं नाही. गाडी लागली की चहा, चहा झाला की घंटी.

९ डिसेंबर, सोमवार

स्टँडवर जाऊन सगळं विचारून आलो.

बऱ्हाणपूर पासष्ट किलोमीटर. दोन तासांचा रस्ता, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. ही बाई माणूस म्हणून हाफ, मी म्हातारा म्हणून हाफ, म्हणजे दोघांचं मिळून जाणं-येणं दोनशेत. बघायला तिकीट नाही म्हणे. रिक्षा शंभर-दीडशे. भाकरी घरची. साडेचारशेच्या वर एक रुपया जात नाही.

संभाजीनगर पाच तासांचं. जाणं-येणं पाचशे, आत जायचं तिकीट, रिक्षा, आणि एका दिवसात दहा तास हिला गाडीत आदळवणं बरं नाही, म्हणजे लॉज आलं. लॉज आलं की बाहेरचं जेवण आलं. सतराशे धरा. म्हणजे थेंबाच्या जवळजवळ तीन बाटल्या.

मुबीनाचं म्हणणं, बऱ्हाणपूरला रेल्वेनं जा, आणखी स्वस्त. मी एसटीचं मीठ खाल्लं आहे. रेल्वे म्हणजे आमची सवत. तो विषय नको.

सगळं हिला वाचून दाखवलं. तिनं एकच विचारलं, "त्याच्यातला पांढरा कोणता?"

म्हटलं, औरंगाबादचा पांढरा. बऱ्हाणपूरचा दगडाचा आहे, थोडा काळपट असेल.

"मंग पांढरा पाहू ना."

आता घ्या! बाजारात साडी घ्यायला निघालो आहोत का आपण? ताज तो ताज, घुमट तो घुमट. बायकांना कुठेही रंगच दिसतो. मी हिशोब पुन्हा वाचला. मग ती तुरीच्या शेंगा सोलत बसली. पटलं असावं.

१४ डिसेंबर, शनिवार

आज जीव जरा भांड्यात पडला. दुपारी ओट्यावर बसलो होतो. जिनिंगच्या कारखान्याकडे कापसाचे ट्रॅक्टर चालले होते. ही एकदम म्हणाली, "भरून गेला जी कापूस, लय हाय यंदा." म्हणजे डावा डोळा चांगला आहे! रस्त्यापलीकडून कापूस ओळखला हिनं. डॉक्टर लोक उगाच घाबरवतात.

फक्त एक झालं. त्याच ट्रॅक्टरवर किसनराव बसला होता. आमच्या घरी वर्षानुवर्षं येणारा माणूस. त्यानं हात हलवला, "काय वहिनी" म्हणून जोरात हाक मारली, तर ही समोर पाहूनसुद्धा गप्प. संध्याकाळी किसनराव मला म्हणाला, "वहिनी आजकाल भाव खाऊन राह्यली का बे?" मी विचारलं तर म्हणे, "ट्रॅक्टरच्या आवाजात ऐकू नाई आलं." आता कानाचं पण दाखवावं लागेल की काय, देव जाणे.

१९ डिसेंबर, गुरुवार

बाईचं डोकं फिरलं आहे. सकाळी पेपर आणायला गेलो, परत येतो तर उंबऱ्यावर, ओट्याच्या पायरीवर आणि न्हाणीच्या दारात चुन्याचे हे जाड पट्टे ओढलेले. दिवाळी होऊन दीड महिना झाला, आता कशाची रंगरंगोटी? म्हणे, "मुंग्या लय झाल्या." चुन्यानं मुंग्या जातात हे मी तरी पहिल्यांदा ऐकलं.

आणि जेवायला स्टीलची ताटली नको म्हणते. वरच्या फळीवरच्या चिनी मातीच्या पांढऱ्या बशा काढायला लावल्या. मेथीची भाजी पांढऱ्या बशीत. पाव्हणे आले आहेत का घरी?

मुबीना थेंब टाकायला आली तेव्हा तिनं चुन्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "चाचा, एक बात..." म्हणाली. आतून हिनं हाक मारली, "मुबीने, ये वं लौकर." गेली. जाताना विचारलं तर "कुछ नाई चाचा."

बायकांचं काही शिजतं आहे. माझ्या वाढदिवसाचं असेल तर खर्च करू नका म्हणून सांगून ठेवलं पाहिजे.

२४ डिसेंबर, मंगळवार

संभाजीनगरच्या एका लॉजला फोन लावून पाहिला, उगाच चौकशी. आठशे म्हणाला. वर विचारतो, "एसी पाहिजे का नॉन-एसी?" डिसेंबरात! फोन ठेवून दिला.

इथं कोणी वाचणार नाही म्हणून खरं लिहितो. पैशाचं आहेच, पण मला भीती वाटते. तिकीट फाडणारा म्हणून मी कुठंही जाईन. पण पिशवी हातात घेऊन, बायको सोबत घेऊन, अनोळखी गावात उतरायचं म्हटलं की हातपाय गार पडतात. ही पायरी चुकली तर? गर्दीत हात सुटला तर? लॉजवाल्यानं म्हाताऱ्यांना पाहून दुप्पट घेतले तर? परवा ही अंगणात ठेचकाळली, अंगठ्याचं नख गेलं. हसत म्हणाली, "म्हातारपण, दुसरं काय."

बऱ्हाणपूर बरं. जवळ आहे. काही झालं तर दोन तासांत घर.

तीन आठवडे झाले डॉक्टरीण बाईंनी सांगून. इतका उशीर मी करायला नको होता. पण घाईत केलेला हिशोब चुकतो.

३१ डिसेंबर, मंगळवार

गुरुवारी निघायचं ठरलं. हिला सांगितलं. ती जरा वेळानं म्हणाली, "काळा म्हंजे किती काळा असन हो?"

म्हटलं, तव्याइतका तर नसेल! मी हसलो. तीही हसली.

२ जानेवारी, गुरुवार

सगळं लिहितो.

सकाळची गाडी मिळाली. कंडक्टर मुलगी होती, महामाया नाव. मी आमच्या डेपोचा म्हणताच उठून नमस्कार केला, आम्हाला खिडकीची जागा दिली. दोन हाफ म्हणालो. ती अदबीनं म्हणाली, "बाबा, हाफ आपल्या हद्दीवरोक. तिकून पुढे मध्य प्रदेश लागते, फुल पडन." मी तिला नियम सांगायला गेलो. ती म्हणाली, "ही योजना तुमी रिटायर झाल्यावर आली, बाबा." गाडीत चार लोक हसले. वरचे पैसे दिले. चौतीस वर्षांचा कंडक्टर आणि तिकीटच चुकला. तेव्हा वाटलं, आजच्या दिवसाची चूक झाली, आता पुढे सगळं नीट होईल.

बऱ्हाणपूरला रिक्षा केली. आसिम म्हणून चांगला माणूस होता, हिला हात धरून बसवलं. आधी मावा जिलेबी खाल्ली, गरम, काळसर. ही खुश होती. मग नदीच्या अंगाला त्या जागी नेलं. गवत, झाडं, आणि मध्ये तो. खरंच ताजासारखा, बुटका, चार कोपऱ्यांना चार मिनार. काळ्या दगडाचा. मागं झाडं गर्द. मला तर फार आवडला. इतक्या कमी पैशात एवढं, मी मनात म्हटलं.

ही उभी राहिली. मान वर केली. "आलो का आपुन?"

"अवं समोरच तर आहे."

"कुठी?"

मी हसत बोट दाखवलं. ती दोन पावलं पुढं गेली, थांबली. मग एकदम म्हणाली, "हाव हाव. दिसला. लय सुंदर हाय हो. लय मोठा." आणि हात जोडले.

तिचं तोंड आसिमच्या रिक्षाकडे होतं.

आसिमनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून रिक्षा पुसायला लागला. मी हिचा दंड धरला, वळवलं, पार दगडापर्यंत नेलं आणि तिचा हात भिंतीवर ठेवला. ती दगडावरून हात फिरवत राहिली. "थंडगार हाय," म्हणाली.

परत येताना महामायाचीच गाडी होती. तिनं विचारलं, "कसा होता बाबा ताजमहाल?" मी खिडकीबाहेर पाहिलं. हीच म्हणाली, "लय भारी होता वं माय."

३ जानेवारी, शुक्रवार

सकाळी चहा झाल्यावर विचारलंच. डाव्या डोळ्यानं काय दिसतं, खरं सांग.

"उजेड दिसते. अन् पांढरं असलं त दिसते. बाकी सारं मातीवानी."

"केव्हापासून?"

"दसऱ्यापासून."

म्हणजे दवाखान्यात गेलो त्याच्याही आधीपासून. उंबऱ्यावरचा चुना, बशा, कापसाचा ट्रॅक्टर, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. दोन्ही डोळे शाबूत असून मी एक महिना आंधळा. मी तिच्यावरच ओरडलो, लाज नाही वाटली मला. "सांगतलं काऊन नाई? मले काऊन नाई सांगतलं?"

ती शांत होती. "सांगतलं असतं त तुमी नेलंच नसतं. म्हणले असते, दिसतच नाई त जाचं कशाले, पैसा वाया."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. मी हेच म्हणालो असतो. याच शब्दांत.

"मुबीनाले मी गळ्याची आन घातली व्हती, तिले काई बोलू नका," ती म्हणाली. "अन् तुमी रोज तो कागद घेऊन बसत. किती दिवसानं तुमी माह्यासाठी काई करून राह्यले व्हते. मले वाटलं, असू दे काळा त काळा."

तो कागद मी चुलीत घातला. गाडीभाडं, रिक्षा, जेवण, चहा, चपला ठेवायचे दोन रुपये, सगळं होतं त्यात. दिसेल की नाही एवढंच नव्हतं. एक प्रश्न तिनं विचारला होता, त्यालाही मी हसलो.

४ जानेवारी, शनिवार

संभाजीनगरला जायला सिलिंडरचे पैसे उचलले. चूल आहे, सरपण आहे. मुबीना म्हणाली, चाचा मी देते. तिला म्हटलं, तू फक्त हिच्या डोळ्यांत थेंब टाक आणि देवाला सांग सोमवारी ऊन पडू दे. "दुआ करते," म्हणाली. डोळे पुसत गेली.

आभाळ आहे सकाळपासून. जानेवारीत कशाला पाह्यजे आभाळ?

६ जानेवारी, सोमवार. संभाजीनगर, लॉजवर

आज शुद्धबिद्ध जमणार नाही. जसं येईन तसं लिहितो.

गाडीत पाच तास मी नुसता आभाळाकडे पाहून राह्यलो. सिल्लोडपर्यंत ढग. ही दोनदा म्हणे, "ऊन हाय का हो?" मी म्हणलो, पडून राह्यलं. खोटं बोललो. मनात एकच, आतापर्यंत तेही गेलं असन त? रातीतून डोळा गेला असन त? मी महिनाभर कागद रंगवला अन् हिचा एक-एक दिवस त्याच्यात गेला. बीबीच्या मकबऱ्याजवळ रिक्षातून उतरलो तरी ढगच. तिकीट काढलं. किती घेतले, पाह्यलं नाई.

मोठ्या दरवाजातून आत गेलो. दरवाजात अंधार होता, म्हणून मी तिचा हात घट्ट धरला. तिथून बाहेर पडलो अन् तेवढ्यात ऊन पडलं. ढगातून एकदम पडते तसं, कडक.

ती थांबली. मी दाखवलं नाई, हिकडे हाय का तिकडे हाय, काहीच नाई. बोलाची हिंमतच नव्हती.

"अगं बाई," ती म्हणे. "हे का?"

"काय दिसते?"

"गंजी. कापसाची गंजी लावली कोणी आभाळापर्यंत." तिनं हात लांब केला, बरोबर समोर, घुमटाच्या दिशेनं. "वरतं गोल हाय. बाजूले उभे हायेत दोन, खांबावानी."

मिनार चार हायेत. मी म्हणलो, हाव, दोन हायेत. माह्या डोळ्याले धार लागली होती. लोक जाऊन राह्यले होते, शाळेच्या पोरी होत्या, पाहून राह्यल्या होत्या. पाहेनात का. चौतीस वर्षं गाडीत लोकाले रडताना पाह्यलं मी.

तिले तहान लागली म्हणून मी पुढे नळाकडे चाललो होतो, बाटली घेऊन. आठ-दहा पावलं गेलो असेन. थंडी होती म्हणून काळं स्वेटर घातलं होतं. मागून ती जोरात ओरडली, "थांबा! तिथीच थांबा. हालू नका."

वाटलं पडली. वळून पाह्यलं त ती तिथीच उभी, हात कपाळावर आडवा धरून.

"काय झालं वं?"

"तुमी दिसून राह्यले."

मी तसाच थांबलो. माह्या मागं सारं पांढरं होतं.

"दसऱ्यापासून नाई दिसले तुमी मले. नुसता आवाज येते घरात." ती पाहत राह्यली, मान हिकडे करून, मान तिकडे करून. मंग तिचा आवाज बारीक झाला. "तुमी किती वाकले हो."

मी पाठ ताठ केली. खांदे मागं घेतले. कमरेत कळ आली, तरी तसाच उभा राह्यलो. ती म्हणे, "झालं, या आता." मी म्हणलो, नाई, अजून पाह्य. ऊन हाय तोवर पाह्य.